पाच लाख त्र्याऐंशी हजार पाचशे त्र्याहत्तर

आमच्या घरी दिवेलागणीला परवचा नसायचा, भागाकार असायचा. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. दिवसभर समोर पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा धप्प-धप्प आवाज चालू असायचा आणि त्या तालावर अम्मा रगड्यावर इडलीचं पीठ वाटायची. प्रेस बंद पडला की तिचाही हात थांबायचा आणि मग एकदम तांबड्या मुंग्या चालल्याचंसुद्धा ऐकू येईल इतकं शांत व्हायचं. अप्पा कारखान्यातून आले की आधी विहिरीवर हातपाय धुवायचे, तेलाचा वास तरी राहायचाच. मग पितळेच्या पेल्यातून कॉफी, आणि कॉफी संपली की मला हाक. पाटी, पेन्सिल आणि ओलं फडकं घेऊन मी त्यांच्यासमोर बसायचे. तंजावरहून मद्रासेत आलेली आमची कितीतरी मराठी घरं तेव्हा होती, त्यांतल्या मुली वीणा शिकत होत्या. मी चाकं शिकत होते.

चाकं म्हणजे काय ते सांगायला हवं. अप्पा ज्या लहानशा कारखान्यात होते तिथे गियर कापत. मोठ्या गियरचे तिरपे दाते नेमके कापायचे तर मशीनच्या अंगाला आधी लहान चाकं जुळवावी लागतात. त्या जुन्या मशीनला वर तीन आणि खाली तीन अशी सहा लागायची. खालच्यांचा हिशेब बहुतेक ठरलेला असायचा. वरच्या तिघांच्या दात्यांचा गुणाकार मात्र अप्पांनी काढलेल्या आकड्याइतकाच यायला हवा, आणि तो आकडा लाखांच्या घरातला असायचा. पेटीत वीसपासून शंभर दात्यांपर्यंतची चाकं होती. म्हणजे त्या लाखांच्या आकड्याला दोनपासून शंभरापर्यंतच्या ज्या पंचवीस मूळ संख्या आहेत, त्या प्रत्येकीने भागून पाहायचं. सुटला तर चाकं जुळली. नाही सुटला तर अप्पांनी दुसरा आकडा शोधायचा.

अप्पांच्या लेखी जगातले सगळे आकडे तीन प्रकारचे होते. दोन, तीन, पाच असल्या लहानांनी पटापट सुटतो तो सरळ. कशानेच सुटत नाही तो अडेल. आणि शेवटपर्यंत अडेल असल्याचं सोंग करून मग सुटतो तो फसवा. फसव्याचं त्यांना फार कौतुक होतं. वर्षातून एखादा भेटायचा, त्या दिवशी ते जेवताना सांडगी मिरची दोनदा मागून घ्यायचे. मला मात्र फसवे आवडत नसत, कारण त्यांच्यासाठी पंचवीसच्या पंचवीस भागाकार करावे लागत. साठाच्या पुढे गेलेला आकडा सहसा सुटतच नाही, हे मी दोन वर्षांच्या अनुभवाने शिकले होते. असला अनुभव माणसाला फार लवकर शहाणं करतो.

हे काम माझ्याकडे का, हे घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं आणि कुणाला कळूही द्यायचं नव्हतं. अप्पांच्या उजव्या डोळ्यात पूर्वी लोखंडाचा कण गेला होता, आणि डाव्यावर दोन-तीन वर्षांपासून पडदा येत चालला होता. गियरच्या दात्यावरून नख फिरवून ते त्याचा दोष सांगत, चाकांवर ठोकलेले आकडे बोटांनी वाचत, आणि कारखान्यात सगळ्यांना वाटायचं की रायरांची ऐटच तशी. तिकडे आम्हा मराठी लोकांना रायर म्हणतात. ड्रॉइंग ते घरी घेऊन यायचे, मी वाचून दाखवायची, ते मनात गणित करायचे, मी पाटीवर भागायची. मालकाला, ज्याला सगळे मुदलाळी म्हणत, हे कळलं असतं तर अप्पांचं सेटिंगचं टेबल, म्हणजे चाकं ठरवायचं काम, गेलं असतं. अम्मा मला वेणी घालताना रोज बजावायची, बाहेर बोलू नकोस. माझी भीती तिथूनच सुरू होते. तेरा वर्षांच्या मुलीच्या परकराच्या ओच्यात एक मोठ्या माणसाचे डोळे बांधून दिलेले होते.

त्या नवरात्रात एक रुंद गियर कापायला आला होता. आयुधपूजेला मशीनं थांबतात, हत्यारांना कुणी हात लावत नाही, म्हणून तो त्याआधी निघायला हवा होता. सहाव्या दिवशी संध्याकाळी अप्पांनी आकडा सांगितला: पाच लाख त्र्याऐंशी हजार पाचशे त्र्याहत्तर. मी तो पाटीवर लिहिला आणि त्याच वेळी फाटकाशी माझ्या मैत्रिणी येऊन उभ्या राहिल्या. घरोघरी बाहुल्यांचे कोलू मांडलेले होते, आम्ही पोरी फिरून गाणी म्हणायचो आणि पानावर सुंडल मिळायचं, उकडलेल्या हरभऱ्यांचं, खोबरं घातलेलं, गरम. मी नवा हिरवा परकर नेसून बसले होते.

मी भागायला लागले. अंकांची बेरीज एकतीस, म्हणजे तिनाने जात नाही. पुढचे तीन आणि मागचे तीन अंक वजा केले तर दहा, म्हणजे सात, अकरा, तेरा तिन्ही एका फटक्यात बाद. ही युक्ती अप्पांनीच शिकवलेली. सतराला उरलं, एकोणीसला उरलं, असं करत मी एकोणसाठपर्यंत आले तेव्हा चार उरले. एकसष्टला सत्तेचाळीस उरले. बाहेरून कुणीतरी टाळी वाजवली. अजून सात राहिले होते: सदुसष्ट, एकाहत्तर, त्र्याहत्तर, एकोणऐंशी, त्र्याऐंशी, एकोणनव्वद, सत्त्याण्णव. मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटलं, अडेल आहे.

"अस्के पाहिलीस?" अप्पांनी विचारलं. आमच्या मराठीत अस्के म्हणजे सगळे.

"अस्के पाहिले."

"शरि," म्हणाले ते, म्हणजे बरं. तेवढंच. माझा शब्द म्हणजे झालं, त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं, आणि विचारून तरी काय पाहणार होते? मग डोळे मिटून मनात नवं गणित मांडत बसले. आणखी दोन आकडे सांगितले, ते खरोखरच अडेल निघाले, त्यांचे भागाकार मी पाय हलवत केले. शेवटी ते नाखुशीने म्हणाले, पाच लाख त्र्याऐंशी हजार चारशे चाळीस घे. तो सरळ होता, भराभर सुटला. अठ्ठ्याहत्तर, पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. दशांशाच्या चौथ्या स्थानाला फरक जातोय, रुंद गियर आहे, बरं नव्हे, असं ते अम्माला म्हणत होते. मी तोवर फाटकाबाहेर पडले होते. त्या संध्याकाळचं सुंडल फार चांगलं होतं, हे सांगायची मला आजही लाज वाटते.

आयुधपूजेला आम्ही कारखान्यात गेलो. मशीनांना चंदन-कुंकू लावलेलं, केळीचे खुंट बांधलेले, दारात कोहळा फोडलेला. चुरमुरे, डाळं आणि गूळ वाटत होते. मशीन चालवणारे सेल्वम होते, चाळिशीचे, गुम्मिडिपूंडीच्या बाजूने रोज दोन गाड्या बदलून येणारे. कुणाशी फारसं न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी मशीनचा देव्हारा त्यांनी मांडला होता, म्हणून खुशीत होते. पेटीतली सगळी चाकं त्यांनी केळीच्या पानावर ओळीने ठेवली होती. रायरांची मुलगी म्हणून त्यांनी मला कौतुकाने दाखवली. बाकीची चाकं घासून काळी पडलेली. त्यातली तीन मात्र तेलकट कागदातून नुकती काढल्यासारखी चकचकीत होती. ही बघ, ते तमिळमध्ये म्हणाले, आली तशी कोरी आहेत, यांना कधी कुणी बोलावतच नाही. मी वाकून पाहिलं. एकोणऐंशी, त्र्याऐंशी, एकोणनव्वद.

माझ्या हातातले चुरमुरे तसेच राहिले. या तिघांनी मी भागलंच नव्हतं. कोपऱ्यात तो रुंद गियर तयार होऊन उभा होता, त्यालाही कुंकवाचा टिळा लावला होता.

घरी आल्यावर मला कधी एकदा पाटी हातात घेते असं झालं. पण त्याच दिवशी सरस्वतीपूजा असते. पाटी, पुस्तकं, अप्पांची ड्रॉइंगं, सगळं देवापुढे मांडलेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला उचलेपर्यंत एक अक्षर वाचायचं नाही, लिहायचं नाही. आमच्यात हे फार कडक. लिहिलं तर विद्या जाते असं अम्मा सांगायची. मला दशमीपर्यंत धीर धरवेना. मागच्या दारी धुण्याच्या दगडावर मी रांगोळीचं पीठ पसरलं आणि बोटाने भागाकार मांडला. विद्या जाईल याची भीती होती, पण दुसरी भीती तिच्याहून मोठी होती. सदुसष्टला तीन उरले. एकाहत्तरला चोवीस. त्र्याहत्तरला अकरा. प्रत्येक वेळी बाकी उरली की मी देवाचे आभार मानत होते. मग एकोणऐंशी. एकोणऐंशी सत्ते पाचशे त्रेपन्न, हे पहिलंच. तीस उरले. पुढे तीन, पुढे आठ, आणि शेवटच्या पायरीवर पुन्हा तेच पाचशे त्रेपन्न येऊन उभे राहिले. खाली काही उरलं नाही. सात हजार तीनशे सत्त्याऐंशी आले, ते त्र्याऐंशी आणि एकोणनव्वदमध्ये सुटले. तिघंही त्या शेवटच्या सातांतच होते.

मी पिठावर हात फिरवला. अम्माने विचारलं, मागे काय करतेस? मी म्हटलं, काही नाही.

परवा माझ्या भाचीने तोच आकडा तिच्या फोनमध्ये घातला. डोळ्याची पापणी लवायच्या आत त्याची सगळी कुंडली समोर आली. तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार. त्याला भागणाऱ्या संख्या एकूण आठच. तो स्वतः सोडून बाकी सातांची बेरीज अवघी एकवीस हजार दोनशे सत्तावीस, म्हणून गणितात त्याची गणना उण्या संख्यांत. भाची म्हणाली, आत्या, यात एवढं काय आहे? मी फोन तिला परत दिला. उणी हा शब्द मात्र मला पटला.

गियर गेला. मी रोज वाट पाहत होते. कारखान्याचा भोंगा झाला की मी फाटकाकडे बघायचे, कडी वाजली की आत पळायचे. अम्माची डांगर पचडी, उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरीची फोडणी, मला इतकी आवडायची की मी पातेलं पुसून खायचे. ती मी ताटात तशीच ठेवायला लागले. अम्माने दृष्ट काढली, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, तेव्हा ती म्हणाली, बघ, केवढी लागली होती. मनात आलं, सांगून टाकावं. पण सांगितलं तर काय होईल, याच्या पुढे माझा विचार जाईना. अप्पा मारत नसत. मारत असते तर बरं झालं असतं.

दिवाळी होऊन गेल्यावर गियर परत आला. चालवला की रडायचा आणि तापायचा, दात्यांची एकाच बाजूची टोकं घासून गेली होती. मुदलाळींनी सेल्वमना धरलं. चाकं चुकीची लावलीस, नाहीतर नीट आवळली नाहीस, चौकशी होईपर्यंत येऊ नकोस, असं सांगून टाकलं. अप्पा जेवताना हे अम्माला सांगत होते. सेल्वम शपथेवर म्हणतो की अठ्ठ्याहत्तर, पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशीच लावली होती, आणि मला ठाऊक आहे की तो खोटं बोलत नाही. फरक माझ्याच आकड्यात होता, पण इतका त्रास देईल असं वाटलं नव्हतं, आणि बोलायला गेलो तर डोळ्यांचं निघेल. मग ताटावरचा हात थांबवून ते म्हणाले, तो पहिला आकडा सुटला असता तर. माझ्याकडे पाहत नव्हते ते. त्यांना तेवढ्या उजेडात मी दिसतही नसेन. तरी मी भिंतीला टेकले.

आठ दिवस सेल्वम घरी बसले. त्यांना दोन मुलं होती, एक माझ्याच वयाचं, हे मला तेव्हाच का आठवावं? शाळेत बाईंनी फळ्यावर कुठलाही भागाकार मांडला की मी मान खाली घालायचे. एकदा मी देवापुढे ठरवलं की आज सांगायचं, आणि अप्पा आल्यावर नुसतंच पाणी नेऊन दिलं.

रविवारी सकाळी सेल्वम स्वतःच आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, हातात ताडाच्या उकडलेल्या कोंबांची जुडी, आमच्यासाठी आणलेली. आत आले नाहीत, ओट्यावरच बसले. रायर, तुम्ही एक शब्द मुदलाळींना सांगा, इतकंच त्यांचं म्हणणं. दुसऱ्या कारखान्यात गेलो तर तिथे आधी विचारतील की इथून का काढलं, म्हणाले. तक्रार नव्हती आवाजात, तेच मला सोसेना. मी कॉफीचा पेला त्यांच्यापुढे ठेवला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. एका हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती.

मी आत जाऊन पाटी आणली. आदल्या संध्याकाळी पंचवीसही भागाकार बारीक अक्षरात मांडून ठेवले होते. ती पाटी अप्पांच्या मांडीवर ठेवून पळून जायचं असा माझा बेत होता. मी ठेवली. अप्पांनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि परत माझ्याकडे केली.

"मज दिसत नाही गे. तू वाच."

लिहून सांगायचं म्हटलं तर तीही सोय नव्हती, हे भीतीपोटी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी ओट्यावर उभी राहिले आणि वाचायला लागले. पाच लाख त्र्याऐंशी हजार पाचशे त्र्याहत्तर. दोनाला एक उरतो. तिनाला एक. पाचाला तीन. साताला चार. अप्पा मान हलवत होते, त्यांना वाटलं असावं की मी सेल्वमसमोर हुशारी दाखवते आहे. एकसष्टला सत्तेचाळीस, म्हटलं, आणि मी थांबले. अप्पांची मान हलायची थांबली. सदुसष्टला तीन, एकाहत्तरला चोवीस, त्र्याहत्तरला अकरा. समोरचा प्रेस रविवारचा बंद होता. एकोणऐंशीला काही उरत नाही, असं मी म्हणाले तेव्हा ते मला स्वतःलाच फार मोठ्याने ऐकू आलं.

 मग अप्पांनी उरलेलं मनातच केलं, आणि हळू आवाजात सेल्वमकडे वळून तमिळमध्ये तीन आकडे सांगितले. एकोणऐंशी, त्र्याऐंशी, एकोणनव्वद. सेल्वमना मराठी येत नव्हतं, पण आपली चाकं त्यांना कळली. ते माझ्याकडे बघत राहिले.

"कुठवर गेली होतीस?" अप्पांनी मला विचारलं.

"एकसष्ट."

त्यांनी पाटी जमिनीवर पालथी ठेवली. आत जाऊन शर्ट घातला, चपला पायांनी चाचपल्या. आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत. "जाऊन येतो," ते अम्माला म्हणाले, आणि सेल्वमच्या खांद्यावर हात ठेवून फाटकाबाहेर पडले. आधारासाठी असा हात ठेवून चालताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

ती दुपार मी धुण्याच्या दगडाशी काढली. अम्मा एकदा आली, माझ्याकडे पाहून परत गेली. अप्पा उन्हं उतरल्यावर आले. सेल्वम उद्यापासून कामावर येणार, म्हणाले. मी टेबलावरून उठलो, मला स्टोअरमध्ये बसवलंय, हत्यारं द्यायची-घ्यायची, ती हाताला कळतात. मुदलाळींना काय सांगितलंत, अम्माने विचारलं. डोळे गेलेत हे सांगितलं, खरं तेच. आकड्यात चूक माझी झाली, असं अप्पा म्हणाले. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. मी दाराआड उभी होते, तिथेच खाली बसले आणि रडले. अप्पा आले, चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोदुम, कन्ना." पुरे झालं, बाळ. मला ते पुरे झालं नाही.

पुढे मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. काचपट्टीवर शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या असतात. ऐंशीपर्यंत काय असेल ते दिसतंच, पुढे काही निघत नाही, असं बरोबरच्या मुली म्हणायच्या. त्या दुपारच्या चहाला उठायच्या तेव्हा मी एक्याऐंशीवर असायचे. सोलापूरकडचे आमचे हे मला चेष्टेने शतकवीर म्हणत. त्यांना मी हे सगळं कधी सांगितलं नाही, आता ते नाहीत म्हणून लिहिते आहे.

स्टोअरमध्ये बसल्यावर अप्पा घरी आकडे आणेनासे झाले. दिवेलागणीला मी पाटी घेऊन बसायची सवयीने, आणि ते ओट्यावर प्रेसचा आवाज ऐकत बसायचे. पंधरा-वीस दिवस असे गेले असतील. मग एका संध्याकाळी फाटकाची कडी वाजली. अप्पांच्या बरोबर सेल्वम होते. ते ओट्यावर न बसता आत आले, माझ्यासमोर मांडी घालून बसले, आणि शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून पाटीवर ठेवला. कागदावर सहा अंकी आकडा होता. सेटिंगच्या टेबलावर आता मुदलाळींनी त्यांनाच बसवलं होतं. आकडा अप्पांनी स्टोअरमध्ये बसून तोंडी काढून दिला होता, आणि माझ्या भागाकारांचं सगळं येताना वाटेत, किंवा त्या रविवारीच, त्यांना सांगितलं असावं.

मी अप्पांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून होते. मी सेल्वमना तमिळमध्ये म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, मला भीती वाटते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"म्हणूनच तुझ्याकडे आणलाय," ते म्हणाले. "तू सांगशील ती चाकं मी लावीन."

मी आकडा पाटीवर उतरवून घेतला. मी दोनापासून सुरुवात केली. अम्माने कॉफी आणून ठेवली. सेल्वमची एक गाडी गेली, तिची शिट्टी आम्ही सगळ्यांनीच ऐकली, कुणी उठलं नाही. एकसष्ट झाले. सदुसष्ट झाले. सत्त्याण्णवपर्यंत गेले, पेन्सिल खाली ठेवली, आणि दोघंही माझ्याकडे तोंड करून उत्तराची वाट पाहत आहेत हे दिसल्यावर ओलं फडकं घेऊन सगळी पाटी पुसली आणि पुन्हा दोनापासून भागायला लागले.